गोडूभाऊ आणि आबांचे बूट

२ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं, इंद्रजितराव, सुरुवात कशी झाली, तर तारखा हाताशी हव्यात. धंदा: मॅस्कॉट आणि कळसूत्री बाहुल्या. वर्कशॉप: घरचा गोठा, इस्लामपूरच्या अलीकडे. म्हैस सध्या बाहेर लिंबाखाली. माझ्याकडे रागानं बघते. दुर्लक्ष करणे. रोज पाचला उठणे.

४ ऑक्टोबर
ऑर्डर! साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला, म्हणजे हंगामातल्या पहिल्या उसाच्या पूजेला, उसाची चालती मोळी. नाव गोडूभाऊ. गेटवर नाचून शेतकऱ्यांचं स्वागत करणार. चेअरमनसाहेब फोनवर म्हणाले, बघू. म्हणजे पक्कं.
आबांना सांगितलं. आबा म्हणजे वडील, मिलिटरीतले रिटायर्ड हवालदार. म्हणाले, मोळीपूजनापतुर मुदत. जमलं तर गोठा तुझा. न्हाई जमलं तर म्हस आत, आणि तू कारखान्यात, लावतील त्या कामाला. मी लगेच हो म्हटलं. म्हशीचं जरा वाईट वाटलं.

११ ऑक्टोबर
बायकोनं, संयोगितानं, महाबळेश्वरचा विषय काढला. कशाला? तिथल्या हॉटेलला करून दिलेल्या चालत्या स्ट्रॉबेरीचा रंग पावसात गेला, हा पावसाचा दोष. गिऱ्हाइकांची पोरं मुळातच रडकी होती.

१९ ऑक्टोबर
पाचला उठणे उद्यापासून. पहाटे फोम दमट असतो, नीट कापला जात नाही.
डिझाइन पक्कं. फोमच्या बारा नळ्या, वर कापड, कापडावर पेरं रंगवलेली. डोक्यावर उसाचं खरं वाढं, शेंड्याच्या हिरव्या पानांसकट. डोळ्यांना भोकं पाडली की सगळी शोभा जाते. म्हणून दोनच, बारीक.

२ नोव्हेंबर
म्हशीनं गोडूभाऊचं डोकं खाल्लं. ही कामाची पावतीच. जनावर उगाच फसत नाही. संयोगिता म्हणाली, आवं, ते वाढंच हाय, खाणारच की ती. हिला कला कोण समजावणार?

९ नोव्हेंबर
आत शिरून नाचणार माझा मित्र साईराज. वरातीत नाचण्यात त्याचं नाव आहे. आज ट्रायल. पाच मिनिटं नुसता थरथरला, मला वाटलं नवीन स्टेप. बाहेर काढल्यावर म्हणाला, गड्या, जीव चालला हुता माझा, लय हाका मारल्या. बाहेर एक शब्द ऐकू आला नव्हता. फोमची क्वालिटी उत्तम.

१६ नोव्हेंबर
साईराजचा फोन बंद. काही बिघडत नाही, उद्या मोळीपूजनाला मीच आत. चपला टिकेनात म्हणून आबांचे मिलिटरीचे बूट घेतले. न विचारता. जिंकल्यावर सांगणे. आबा सकाळपासून घरभर बूट शोधतायत. विचारलं तर मी म्हशीवर संशय घेतला.

१७ नोव्हेंबर, दुपार
आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहिणं भाग आहे.
गेटवर झकास नाचलो. मग आत हलगी सुरू झाली, मी आवाजाच्या दिशेनं गेलो. दिसत काहीच नव्हतं. घामानं चक्कर आली, कशाला तरी टेकून उभा राहिलो. त्या पूजेच्या मोळ्या होत्या, हे नंतर कळलं.
उदबत्तीचा वास आला. कुणीतरी हळदकुंकू लावलं. पायाशी नारळ फुटला. हार पडला. मला अगदी भरून आलं. मग चौघांनी खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिली मिरवणूक! मी आतून हात हलवत होतो.
मग साखळीचा खडखडाट. आमच्याकडे हा आवाज लहान पोरंही ओळखतात. गव्हाण. तिथं मोळी टाकली की ऊस सरकत सरकत थेट चरकात. मी बोंबललो. आई गं, आबा, मेलो, सगळं ओरडून झालं. फोमची क्वालिटी खरंच उत्तम.
आबा गर्दीत मागं उभे होते. त्यांची नजर गेली मोळीच्या बुडाशी, आणि परेडवर ओरडावं तसे ओरडले, थांबा! बूट माझं हायती!
मला ओढून काढलं. गोडूभाऊ तेवढा चरकात गेला. चेअरमनसाहेब घाम पुसत म्हणाले, आवं हवालदार, आमाला खरंच मोळी वाटली. म्हणजे काम हुबेहूब, हे त्यांच्याच तोंडून. आबांनी मात्र घरापर्यंत माझा दंड सोडला नाही. मी खूप घाबरलो होतो. तेही.

२० नोव्हेंबर
गोठा रिकामा केला. म्हैस आत गेली आणि माझ्या टेबलाच्या जागी बसली. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे.

२५ नोव्हेंबर
कारखान्यात रुजू. काम: गव्हाणीवर उभं राहून उसातून भलतं काही जात नाही ना, ते बघणे. ही पोस्ट आधी नव्हती. चेअरमनसाहेब म्हणाले, तुझ्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला हाय?
निघताना आबांनी बूट दिले. पॉलिश करून, स्वतःहून. म्हणाले, घाल, लांबनं वळखू येशील. बूट एक नंबर मोठे आहेत. पुढं थोडा फोम कोंबलाय.