कोळीवाड्यातली उरलेली चार छपरं

मी, गहिनीनाथ रंभाजी वाबळे, वय ६७, धंदा पत्र्याची शेड बांधणे, राहणार घोडेगाव, ता. नेवासा, आज शुद्धीवर असताना माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा आहे, कायदा तो धरत नसावा.

१. राहतं घर पत्नी साळूबाई हिच्याकडे, ती असेपर्यंत. 'आता तुम्ही आराम करा' असं म्हणून तिला कोणी मागच्या खोलीत सरकवू नये. तिने तुम्हाला सरकवलं तर गुमान सरकावं.

२. बँकेतली ठेव मुलगी धनश्री हिला. त्यावर भावाने तोंड वाकडं करू नये. माझ्या आजारपणात औषधांच्या वेळा तिनेच पाळल्या, तेही सासरहून फोन करून.

३. शेत आणि वर्कशॉप मुलगा अमृत याला, पण एका अटीवर. अट समजायची तर माझी चूक लिहावी लागते.

२०२० च्या जूनमध्ये वादळाने कोकणात घरं उडवली. आम्ही गावकऱ्यांनी टेम्पोत पत्रे, लोखंडी अँगल आणि वेल्डिंग मशीन भरून श्रीवर्धन तालुक्यातला एक कोळीवाडा गाठला. एकवीस दिवसांत मी अकरा घरांवर छपरं चढवली. गोठे बांधण्यात माझा हात कोणी धरत नाही, आणि तिथेही मी गोठेच बांधले. बसका उतार, त्यावर पत्रे, पत्र्यांवर दगड. आपल्याकडे पत्रा उडू नये म्हणून दगडच ठेवतात. द्वारकाबाई चोगले म्हणून सुकी मासळी विकणारी एक बाई खाली उभी राहून म्हणाली, "दगड काढ रे बाबा. वारा आला की ते वर नाय राहायचे." मी शिडीवरून म्हणालो, "मावशे, आमच्याकडं चाळीस वर्सं ऱ्हायलेत. तुमी मासळी बघा." गावी परतल्यावर माझा सत्कार झाला. ती शाल कपाटात आहे, कोणीही घ्या.

पुढच्याच मे महिन्यात दुसरं वादळ आलं आणि माझा एक दगड द्वारकाबाईच्या मांडीवर पडला. तेव्हापासून ती काठीने चालते. मी भेटायला गेलो आणि तिच्या घराच्या ओटीवर बसून रडलो. हे घरात कोणाला माहीत नाही. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने चहा दिला आणि म्हणाली, "रडून छप्पर नाय होत. उद्या सकाळी ये."

मग साठीनंतर मी तिच्या हाताखाली पुन्हा उमेदवारी केली. छप्पर चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरतं, आणि उतार असा की कावळ्यालाही विचार करून बसावं लागेल. खाऱ्या हवेत माझे अँगल सडले होते. त्यांच्या जागी वादळात पडलेल्याच माडांचे चिरून वाळवलेले वासे. वासे भिंतीला बांधायचे ते होडीच्या गाठीने. समुद्राच्या बाजूला वारा अडवायला सुरूची रोपं. दर उन्हाळ्यात एक-दोन करत सात छपरं बदलली. चार राहिली. त्यांवरचे दगड उतरवलेत, पण पत्रे अजून तारांनी बांधलेले आहेत आणि त्यांखाली एकोणीस माणसं झोपतात. गेल्या दिवाळीपासून डॉक्टरांनी माझी शिडी बंद केली.

अमृत म्हणतो, "आबा, सरकार बघंल की. लोकांची घरं आपन किती दिस बांधायची?" मी म्हणालो, "घरं लोकांची हायेत, चूक आपली हाय." तो मोबाईल बघत होता.

म्हणून अट अशी. ही चार छपरं चौपाखी झाल्यावरच शेत आणि वर्कशॉप अमृतच्या नावावर होईल, तोवर ते साळूबाईकडे राहील. काम झालं की नाही हे इंजिनिअरने नव्हे, द्वारकाबाईने ठरवायचं. ती "झालं" म्हणाली तर झालं. तिच्याशी वाद घालू नये. मी घातला होता.

४. माझ्या दहाव्याला प्रवचन ठेवू नये आणि पुढाऱ्याच्या हातात माईक देऊ नये. भावकीने टोपी-टॉवेल आणू नयेत. दहाव्याच्या घाटावरून टेम्पो थेट कोकणात जाईल. ज्याला खरंच वाईट वाटलं असेल त्याने हातोडी घेऊन त्यात बसावं. बाकीच्यांनी घरी जाऊन जेवावं.

५. चुलतभाऊ कानिफनाथ याने २०२० मध्ये त्याच टेम्पोपुढे नारळ फोडला, हार घालून घेतला आणि सुप्याला चहा पिऊन एसटीने माघारी फिरला. त्याला त्या दिवशीचा फोटो, चौकटीसह.

ताजा कलम: सहीच्या आधी अमृतने हा कागद वाचला. म्हणाला, "आबा, तुमी मेल्यावर कशाला? शनवारी निघू. तुमी खाली खुर्ची टाकून बसा अन् मला शिव्या द्या." मला फार बरं वाटलं. गोळ्यांनी वाटत नाही इतकं. तरीही अट काढत नाही. त्याचे शनिवार मी तीस वर्षं बघतोय.

वाचून, समजून सही केली.

गहिनीनाथ रंभाजी वाबळे

साक्षीदार:
१. मच्छिंद्र सहादेव कर्डिले, शेजारी
२. डॉ. सत्यशीला अजिनाथ ढाकणे (लिहून देणार शुद्धीवर आहेत. शिडीवर चढू देऊ नये.)

घोडेगाव, जि. अहिल्यानगर
बुधवार, दि. ११ मार्च २०२६