फळ्याकडे तोंड करून

सोमवार, ३ फेब्रु.
अध्यापन-कौशल्याचं शिबिर आजपासून. इतकी वर्षं भूगोल शिकवून झाला, आता कसं शिकवायचं ते शिकायचं. सर्टिफिकेटशिवाय प्रमोशन नाही, म्हणून निमूट बसले. सकाळी डबा पुन्हा दोघांचा झाला. हाताला अजून कळत नाही. अर्धा शेजारच्या दीदीला दिला.

मंगळवार, ४ फेब्रु.
आज सूक्ष्मपाठ. म्हणजे चिमूटभर धडा घ्यायचा, बाकीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी व्हायचं, मग प्रत्येकाने एकेक चूक काढायची. आधी नमुना म्हणून जुन्या बॅचचं रेकॉर्डिंग लावलं. नाव झाकलेलं. एक गृहस्थ फळ्याकडे तोंड करून गणित शिकवत होते, नुसती पाठ दिसत होती. चौकटीचा शर्ट मी घेतलेला. विनायक.

पोळ्याच्या सुमारास गेला माझा नवरा. इथे कुणाला माहीत नाही, त्याचं कॉलेज वेगळं.

साहू सर (संयोजक, पोरगेलासा आहे) म्हणाले, "एक-एक गलती बताइए." वर्गाकडे बघत नाही. पुटपुटतो. फळा तळहाताने पुसतो आणि हात पँटला पुसतो. यावर सगळे हसले. माझी पाळी आली. "डस्टर नहीं लेते," म्हणाले. पँट धुताना जन्मभर हेच म्हणत आले. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बुधवार, ५ फेब्रु.
गेले नाही. तब्येतीचं कारण कळवलं. घरातले लग्न-मुंजींचे सगळे व्हिडिओ काढून पाहिले. वि. कुठेच बोलत नाही. एकतर कोपऱ्यात, नाहीतर पंगतीत, तोंडात जिलबी. म्हणजे त्याचा आवाज फक्त तिथे आहे, चुका काढायला ठेवलेला.

गुरुवार, ६ फेब्रु.
साहू सरांना सांगितलं. उठून उभेच राहिले बिचारे. "मैडम, मुझे सच में पता नहीं था." पेन ड्राइव्हवर कॉपी करून दिली. वर म्हणाले, "आप कहेंगी तो मिटा देंगे. सोमवार से नई बैच है, तब तक बता दीजिए." चहा मागवला होता. दोघांचाही गार झाला.

शुक्रवार, ७ फेब्रु.
शालूताई आल्या गुढ़ियारीहून, वि.ची मोठी बहीण. सांगितलं तर पदर डोळ्याला. "काहून ठेवतं व ते? माह्या भावावर लोकं हसून राहिले, अन् तू इचार करून राहिली? सांग त्याले, मिटव म्हणा." बरोबरच आहे त्यांचं. माझ्या माणसाला कुणी हसावं आणि मी गप्प बसावं, हे मलाही सहन होत नाही.

पण मिटवलं की तो फक्त माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. तिथे निदान समोर वर्ग असतो. वर्गाशिवाय तो कधी रमला नाही. सुट्टीत तर घरभर किरकिर.

शनिवार, ८ फेब्रु.
माझा सूक्ष्मपाठ झाला. नद्यांची वळणं. सगळे म्हणाले छान. मला काही वाटलं नाही.

मुक्ताला फोन केला. मी मराठीत विचारते, लेक हिंदीत उत्तर देते, नेहमीचंच. "आई, हँसने दो ना. पापा होते तो सबसे पहले खुद हँसते." मग तिचंही रडणं ऐकू आलं.

रविवार, ९ फेब्रु.
सकाळी धीर करून पेन ड्राइव्ह लावला. वर्गात साहू सरांनी मध्येच बंद केलं होतं, चुका पुरेशा दिसल्या म्हणून. पुढचं मी पाहिलं नव्हतं.

पुढे वि. खडू ठेवतो आणि वळतो. कपाळावरही खडू लागलेला. "पीछे वाले, समझ में आया?" कुणी बोलत नाही, सगळे कागदावर चुका लिहिताहेत. तो थांबतो. रागावत नाही. शेवटच्या बाकापर्यंत एकेकाकडे बघत राहतो. तिथे रेकॉर्डिंग संपतं.

"हव, समजलं," मी म्हणाले. रिकाम्या घरात, मोठ्याने.

दुपारी साहू सरांचा मेसेज: "मैडम, कल दिखाएँ या नहीं?" शालूताईंचे दोन मिस्ड कॉल.

"दिखाना है तो पूरा दिखाइए, उनके पलटने तक," असं लिहिलं. संध्याकाळ झाली. अजून पाठवलेलं नाही. पुसलेलंही नाही.