भ्रष्ट आचारी हटवा

२५ जून, मंगळवार
आण्णाचं पुन्हा तेच. पत्र चार पानी, त्यात साडेतीन पानं मलाच शिव्या. म्हणे शहाणपण करायला पोट भरलेलं लागतं. अरे, पोट भरलेलं असतं तर तुझा सख्खा भाऊ गुजरातच्या बंदरावर पोती उचलत बसला असता का? थोरला म्हणून गप बसतो, न्हाईतर.
चांगली बातमी शेवटच्या अर्ध्या पानात. धाकट्या बहिणीला, सुमीला, दहावीत चौऱ्याऐंशी टक्के! आमच्या घरात! लातूरला अकरावीला नंबर लागतो म्हणे. फी माफ व्हायला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, १५ जुलैच्या आत. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणतो, कागदावर जुनं गाव हाय, तुम्ही राहता नव्या गावात, मी कोणतं लिहू? भूकंपात जुनं गाव गेलं, हे साऱ्या जगाला ठाऊक. ह्याला पाचशे दिले की दोन्ही गावं दिसतात. आण्णा लिहितो, लाच न्हाई रे ती, मामूल हाय. सगळेच देतात, तूच एक हरिश्चंद्र.
धाडणार न्हाई म्हणजे न्हाई.
मग सुमीचे टक्के परत वाचले.

२६ जून
आज मुकादमानं रविवारच्या डबल हजरीचे, म्हणजे दुप्पट मजुरीच्या कामाचे, माणशी पाच रुपये मागितले. त्याचंही मामूलच. काय शब्द हाय! मामूल म्हणजे नेहमीचं, रोजचं. ऐकायला इतका मऊ की त्यात चोरी दिसतच न्हाई.
इथं नावानं कुणी हाक मारत न्हाई, प्रांतानं मारतात. रामसेवक तो बिहार, यादगिरी आंध्रा, नबीन ओरिसा, मी महाराष्ट्र. जेवताना बोललो, रविवारी कुणीच पाच द्यायचे न्हाईत. आंध्रा म्हणाला, चार माणसांनी काय होतंय. बिहारनं आमच्याकडं एकेक करून बोट दाखवलं.
"चार आदमी कहाँ? चार राज्य है."
तिथंच संस्था झाली. अखिल भारतीय. पुढचं नाव सुचलं न्हाई अजून. तोवर नुसतं अ. भा.

२८ जून
हसून हसून बरगड्या दुखून राहिल्या. तरी लिहितोच.
नाव सुचलं. अखिल भारतीय भ्रष्टाचारी हटवा. पत्रा मिळाला, लाल रंग मिळाला, लिहायला मीच. शिक्षण सहावी नापास, पण अक्षर बरं. शब्द एका ओळीत मावेना म्हणून 'भ्रष्ट' वर लिहिलं अन् 'आचारी हटवा' खाली. पाटी मेसच्या भिंतीला सुकायला टेकवली.
साऱ्या बंदरावर मराठी वाचणारा माझ्याशिवाय एकच माणूस. मुदखेडचा नामदेवमामा. अन् तो मेसचा आचारी.
झारा हातात घेऊनच आला. म्हणाला, दोन वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, अन् आता माझ्यावर पाटी लावतोस? मी पाटीकडं बघितलं तेव्हा कुठं कळलं. काही बोलायच्या आत मामा खाली बसला. आवाज एकदम बारीक.
"तेलाचं तुला कुणी सांगितलं?"
"कुठल्या तेलाचं, मामा?"
मग सगळं आपणच बोलला. महिन्याला एक डबा तेल बाजारात जातं. सहा महिन्यांपासून. लेकीच्या बाळंतपणाला सुरू केलं, नंतर सवयच लागली.
मी पाटी पुसायला निघालो तर नको म्हणाला. असू दे, चांगलं लिहिलंस.

२९ जून
मामा अ. भा. मध्ये आला, अन् येताच त्यानं कायदा काढला. म्हणे माझी चोरी चुकून बाहेर आली, तुमची कुठाय? ज्याला सभासद व्हायचं त्यानं आपली एक सांगायची. वर्गणी तीच. अन् 'मामूल' म्हणायचं न्हाई, 'चोरी' म्हणायचं.
बिहारनं इथवर येताना एकदाही तिकीट काढलेलं न्हाई. आंध्रा कामाला न आलेल्या चुलतभावाची हजरी लावतो. ओरिसा म्हणे मी काहीच केलं न्हाई. सगळ्यांनी धरून बसवला, तेव्हा मुकादमाची छत्री निघाली. तीच, जी सगळे मिळून हुडकत होतो.
माझी. भूकंपानंतर मदतीच्या रांगेत दोनदा उभा राहिलो. एकदा टोपी घालून, एकदा बोडका. दोन घोंगड्या आणल्या. माझ्या मागं होता त्याला मिळाली का, मला ठाऊक न्हाई.
कुणी हसलं न्हाई. मग मामानं वरण वाढलं. आज वरणाला तेल होतं.

३० जून, रविवार
जिंकलो! रात्रीच आम्ही साऱ्या मजुरांना सांगून ठेवलं होतं. मुकादम सकाळी नावं पुकारत सुटला, एकही माणूस उठला न्हाई. गाड्या उभ्या. दहाला म्हणाला, बरं, पाच न देता या. सगळे धावले.
दिवस मावळेपर्यंत अ. भा. मध्ये पंजाब आला, राजस्थान आला. चोऱ्या सांगायला रांग. देश असा भरभर सुधारला तर दिवाळीपर्यंत आपल्याला कामच उरणार न्हाई.

२ जुलै
गावात दुकानावर फोन लावला. आण्णाला रविवारचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुझं अखिल भारतीय सुमीची फी भरणार का?
सुमीनं फोन ओढून घेतला.
"दादा, मला घे की तुझ्या त्या ह्याच्यात."
"आधी चोरी सांगावी लागते, बाई."
"भूमितीच्या पेपरात पुढच्या पोरीला एक प्रमेय दाखवलं. दाखवलं हं, बघितलं न्हाई."
"बरं, धरलं."
"मग ऐक. मी अन् माय रोज कचेरीत जाऊन बसतो. तो म्हणंल कोणतं गाव लिहू, मी म्हणीन दोन्ही लिहा. तू फक्त येष्टीच्या भाड्याचं बघ."
मागून आण्णा ओरडत होता. मायचं हसू ऐकू आलं. लई दिवसांनी.

३ जुलै
पोस्टात उभा. खिशात पाचशेही हाईत. मामा म्हणतो पोरीचं वर्ष हाय, गुपचूप पाचशे धाड, अ. भा. डोळे मिटंल. बिहार म्हणतो हमसे मत पूछ, बहन तेरी है. दाखला न्हाई मिळाला तर सुमी जन्मभर काही बोलायची न्हाई, अन् तेच मला सोसायचं न्हाई. सुमीनं मात्र पाचशे मागितलेच न्हाईत.
मनिऑर्डरचा फॉर्म भरला. दोघींचं जाऊन-येऊन भाडं, पाच दिवसांचं. एकशे वीस रुपये.