उजव्या कोपराची प्लेट

मंगळ. ४ जाने. १९५५

आज एक्स-रेला नऊ पेशंट. एक प्लेट वाया, म्हातारबाई नेमक्या वेळी खोकल्या. डेव्हलपर सकाळी फार गार होता. गरम पाण्यात भांडं ठेवून अडुसष्ट अंशांवर आणला.

शेवटचा पेशंट परदेशी. कल्याणच्या कारखान्यात (माझा भाऊ अण्णा तिथेच ड्रॉइंग ऑफिसात) अमेरिकन कंपनीची बर्फाची यंत्रं बसवायला आलेला फिटर. स्वतः अमेरिकन नव्हे, मेक्सिकन. नाव रामिरो, वय चौतीस. वर्णानं आपल्यासारखाच. भागीबाई, दवाखान्यातली आया, त्याला आधी गोव्याचा समजली. नाव ऐकल्यापासून रामराव म्हणते.

फिटर होण्याआधी हा बेसबॉल खेळून पगार घेत असे. क्रिकेटसारखाच काही खेळ, पण चेंडूचा टप्पा पाडायचा नाही. त्याचं काम चेंडू टाकायचं. जुन्या क्लबानं एका हंगामासाठी परत बोलावलं आहे, पण मालकाला आधी हाताचा दाखला आणि प्लेट हवी. महिनाअखेर पोस्टात पडायला पाहिजे.

डॉक्टर गद्र्यांची चिठ्ठी: उजवा कोपर, दोन बाजूंनी. काढला. प्लेट फार चांगली आली, हाडाची कड न कड स्पष्ट. दोष काही नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला.

रामिरो बराच वेळ प्लेट उजेडाकडे धरून बघत होता. "सुंदर आहे," म्हणाला. मला वाटलं, माझ्या कामाला म्हणतोय.

रवि. ९ जाने.

अण्णानं वहिनीला आणि मला कारखान्याच्या मैदानावर नेलं. कामगारांचं क्रिकेट. मध्यंतरात रामिरोला आग्रह झाला, तुझा खेळ दाखव. अण्णा बॅट घेऊन उभा राहिला. तीन चेंडू, तीनदा हवेत बॅट. चेंडू सरळ येतो आणि अगदी जवळ आल्यावर बाजूला वळतो, जणू कोणी ओढला.

"अरे, हा चेंडू टाकतो की गंमत करतो?" अण्णा ओरडला. सगळे हसले.

मी हसले नाही. अकरा चेंडू टाकले त्यानं. अकराही डाव्या हातानं. नंतर उजव्या हातानं डावा कोपर धरून पोटाशी घेऊन उभा होता.

प्लेटवर बाजू दाखवायला शिशाचं अक्षर ठेवतात. ते 'उजवा' मी स्वतः ठेवलं होतं.

त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, तुम्ही डावखुरे आहात. (इंग्रजी दोघांचंही बेताचं. इथे मराठीत लिहिते.)

तो हसत म्हणाला, "सहा महिने झाले, इथे सगळे मला उजव्या हाताचा करताहेत. वाणी डाव्या हातातून काही घेत नाही. खानावळवाला ताटावरून उठवायला निघाला होता. तुमच्या भागीबाईंनी चहाचा कप माझ्या डाव्या हातात दिला नाही, उजवा पुढे येईपर्यंत थांबल्या. आता सवय झाली. तुमच्या टेबलावरही उजवाच ठेवला."

मग हसणं थांबवून म्हणाला, "कागदावर उजवाच लिहिलं होतं, मिस. मी फक्त ऐकलं."

सोम. १० जाने.

चिठ्ठी पुन्हा पाहिली. अक्षर डॉक्टरांचं, उजवाच. तरीही, टेबलावर हात ठेवून घेताना 'फेकता कुठल्या हातानं?' हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चेंडू उजव्या हातानं टाकतात, इतकं मला न विचारता ठाऊक होतं.

डॉक्टरांना सांगितलं.

"अहो, मी विचारलं ना, फेकायचा हात दाखवा. त्यानं हात पुढे केला, मी तोच लिहिला."

"त्यानं मुद्दाम केला."

"मग? दाखल्यात 'उजवा कोपर निर्दोष' लिहिलंय. त्यात खोटं एक अक्षर आहे का, मिस लेले?"

नाही. तेच टोचतंय. प्रत्येक शब्द खरा, आणि दाखला खोटा.

बुध. १२ जाने.

अण्णाबरोबर रामिरोला चिठ्ठी पाठवली: डावा कोपर तपासून घ्यावा, शुक्रवारी दुपारी यावं.

अण्णा: "विमल, तुझं काय अडलंय गं? माणसाला परत खेळायला मिळतंय, मिळू दे की."

वहिनी पोळी लाटता लाटता: "वन्सं, चिठ्ठी मराठीत की इंग्रजीत? नाही, नुसतं विचारते हो."

 

शुक्र. १४ जाने. संक्रांत

आला. भागीबाईनं तिळगूळ पुढे केला. त्याचा डावा हात निघाला, तिनं मनगटावर चापटी दिली. "उजवा रे, रामराव! किती येला सांगू तुला?" तो शाळेतल्या पोरासारखा ओशाळला.

प्लेट काढून घ्यायला नाही म्हणाला. पण बसला तासभर, बाकावर. मी प्लेटा टांगायचे हँगर पुसत होते. त्याचं बोलणं आठवतं तसं:

गाव समुद्रकाठी, मिठागरांचं. इथली मिठागरं पाहिली तेव्हा पहिल्याच दिवशी गाडीतून उतरून चालत गेला होता. वडील मीठ ओढायचे. (भागीबाईला हे सांगितलं. तिचा बापही मिठागरात होता, कोपरीला. "बग गो, आमच्यातलाच निगाला!")

शाळेत त्याचा डावा हात खुर्चीला बांधून ठेवत. "म्हणून तुमच्या लोकांचा राग येत नाही. मला ही शिकवणी पहिल्यापासून."

सतराव्या वर्षी गावच्या बर्फाच्या कारखान्याच्या संघात. तिथून राजधानीच्या क्लबात, आगगाडीनं तीन दिवस. पहिल्या पगाराचे बूट घेतले, ते इतके घट्ट झाले की पहिला सामना जुन्या बुटांत खेळला. एक हंगाम अमेरिकेत, एका लहान क्लबात. बाकीचे हॉटेलात जेवायचे, हा रंगामुळे बसमध्ये. मध्येच सोडून आला. मी विचारलं, जेवणामुळे? "नाही. ते म्हणाले, चेंडू वळवू नकोस, सरळ टाक."

मग चांगली वर्षं. किती सामने जिंकले, विचारलं. ठाऊक नाही! त्याला आकडा एकही आठवत नाही. समोरचे खेळाडू मात्र आठवतात. कोण खांदा आधी हलवायचा, कोणाला उंच चेंडू सोसायचा नाही. मी आकडे विचारत राहिले, तो माणसं सांगत राहिला.

मग कोपर दुखायला लागला. क्लबानं मैदानावरच्या बर्फखान्यात नोकरी दिली. तिथे यंत्रं शिकला. त्या यंत्रांनीच कल्याणला आणलं. आता बोलावणारा त्याचा जुना जोडीदार. रामिरो टाकायचा, हा झेलायचा. आज तोच संघ चालवतो. पत्रात लिहिलंय, हात ठीक असेल तर ये, पोरांना शिकवायला कोणी नाही.

"हात ठीक आहे का?" मी विचारलं.

"प्लेट सांगते ठीक आहे."

"ती त्या हाताची नाही."

उठून गेला. जाताना दारात उजवा हात वर करून नमस्कार केला. थट्टा होती की सवय, कळलं नाही.

शनि. १५ जाने.

रजिस्टरात चार तारखेच्या नोंदीपुढे लाल शाईनं लिहिलं: 'फेकण्याचा हात डावा. तपासलेला नाही.' खाली सही.

डॉक्टरांनी पाहिलं. "रजिस्टर दवाखान्याचं आहे, मिस लेले."

"नोंद माझी आहे, डॉक्टर."

"मार्चमध्ये तुम्हाला कायम करायचं की नाही, तेही माझ्याकडेच आहे. हे लक्षात असू द्या."

लक्षात आहे. खाडाखोड केली नाही.

बुध. १९ जाने.

दुपारी रामिरो आपणहून आला. काल काम करताना डाव्या हातातला पाना पडला, खाली उभ्या माणसाच्या पायाजवळ. पडला तेव्हा आवाज आला म्हणून कळलं. हातातून सुटला हे कळलंच नाही. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट अधूनमधून बधिर होतं. केव्हापासून? दिवाळीपासून.

"काढा," म्हणाला.

डावा हात टेबलावर ठेवला. पूर्ण सरळ होत नाही. कोनमापक लावून पाहिलं, बावीस अंश कमी. त्याला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, सरळच आहे.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली प्लेट हळूहळू उमटली. कोपराच्या टोकाला हाड वाढून काट्यासारखं झालं आहे. सांध्यात एक सुटा तुकडा, तुरीच्या डाळीएवढा. ओली प्लेटच हँगरसकट बाहेर आणून दाखवली.

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. "हा तो दिवस," म्हणाला. "पावसानं सामना दोनदा थांबला. हात गार झाला होता. जोडीदार म्हणाला, पुरे कर. मी म्हणालो, अजून एकच माणूस बाद करतो."

मग: "अजून किती चेंडू आहेत यात?"

म्हटलं, ते हाडावर लिहिलेलं नसतं. दिसतं तेवढंच सांगते.

गुरु. २०

प्लेट वाळल्यावर नाव न सांगता डॉक्टरांच्या दिव्याच्या पेटीवर लावली. हे बरोबर केलं असं म्हणणार नाही. केलं.

"कोणा हमालाचा हात का?" डॉक्टर म्हणाले. "बोटं बधिर होत असतील याची. जड काम ताबडतोब बंद करायला सांगा. नाहीतर वर्षभरात पकड जाईल, पानासुद्धा धरता येणार नाही."

कोणाचा ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्ही मला पकडलंत."

"नाही, डॉक्टर. प्लेट दाखवली."

दुसरा दाखला लिहून दिला. स्वच्छ, सविस्तर, सहीसकट. मार्चबद्दल काही बोलले नाहीत. 

शनि. २२

रामिरोला दोन पाकिटं दिली. एकात उजवी प्लेट आणि पहिला दाखला, दुसऱ्यात डावी आणि दुसरा. डॉक्टरांचं म्हणणं शब्दशः सांगितलं. खेळ म्हणजे एक हंगाम, आणि नंतर कदाचित फिटरचं कामही नाही. त्याला ते समजलं. दोनदा विचारून घेतलं.

"तुम्ही कुठलं पाठवाल?"

"दोन्ही."

तो हसला. "दोन्ही पाठवली की मालक परत बोलावणार नाही. माझा जोडीदार बोलावेल, पण मालक नाही."

"तुमचा जोडीदार झेलायला असेल ना? मग त्याला तरी कळायला नको का, काय झेलतोय?"

हे मला बोलायचं नव्हतं. बोलून गेले. 

मग तो म्हणाला, मी कधी आकडे मोजले नाहीत, तुम्ही मोजता. उद्या मैदानावर या. एका सामन्यात शंभरेक चेंडू टाकावे लागतात. शंभर टाकून बोटं जागी राहिली तर सोमवारी उजवं पाकीट टाकीन. नाही राहिली तर दोन्ही.

म्हटलं, शंभर झाले तरी तुकडा तिथेच राहील.

"ठाऊक आहे. पण मग तो माझा तुकडा."

बोटं जागी आहेत की नाही, हे त्याच्या शब्दावर सोडणार नाही, असं सांगितलं. दर दहा चेंडूंनी टाचणी. डोळे मिटायचे, मी टेकवली की सांगायचं. कबूल झाला.

का जाते आहे? मोजायला कोणीतरी हवं, आणि नीट मोजणारं हवं. एवढंच.

रवि. २३ जाने. मैदानावर, पेन्सिलीनं

ऊन बेताचं. अण्णा झेलतोय, रामिरोचा चामड्याचा मोठा पंजा घालून. वहिनी लिंबाखाली, आज टोमणा नाही.

१० – दोन्ही बोटांना लागलं.

२० – दोन्हींना.

३० – दोन्हींना. अण्णा: "माझा तळहात सुजलाय, त्याला टाचणी लाव की." रामिरो हसतो. चेंडू आता वळायला लागलेत. मला यातलं काही कळत नाही, पण बघत राहावंसं वाटतं. हात मागे जातो तेव्हा सगळा माणूस त्या हाताचा होतो.

४० – लागलं. घाम.

५० – शेजारच्या बोटाला लगेच. करंगळीला उशिरा, पण लागलं. मी विचारलं, थांबायचं? मान हलवून नाही.

कामगार जमलेत, दहाबारा. 

६० – करंगळी: थांबून, "हो." पुन्हा केलं. थांबून, "हो." शेजारचं ठीक.

चौसष्टावा अण्णाच्या डोक्यावरून गेला. पासष्टावाही. पुढचे पाच नेमके, एकाहून एक वळलेले. अण्णा पंजा न हलवता झेलतोय.

७० – डोळे मिटले त्यानं. मी करंगळी धरली.

"हो," म्हणाला. "लागलं."

टाचणी अजून माझ्या दुसऱ्या हातात, बोटापासून वीतभर लांब.

अण्णानं पाहिलं. 

रामिरोनं डोळे उघडले. "किती झाले?" सत्तर, म्हटलं. चेंडूसाठी अण्णाकडे हात पुढे केला आहे. डावा.

सत्तरपुढची जागा वहीत कोरी ठेवली आहे.

चेंडू नंतर, म्हटलं. आधी पुन्हा डोळे मिटा.