पांढऱ्या रंगाखालची लाख

जठारपेठ, अकोला
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय पुंजाजीकाका,

जयभीम. तुम्ही यावर नेहमीसारखं 'रामराम, बापा' म्हणाल आणि काकूंना चहा टाकायला सांगाल, तोवर मी पुढे लिहितो. पत्र ललितच्या हाती देतो आहे. ललित म्हणजे मी इथे ज्याच्या फर्निचरच्या दुकानात रंगकाम करतो तो. दर गुरुवारी प्लायवूड आणायला तो अमरावतीला येतो. पत्रासोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फळी आहे. ती आत्ता उघडू नका, आधी पत्र पूर्ण होऊ द्या. शकुन वाचून दाखवत असेल तर, शकुन, फळी तुझ्याजवळच ठेव. आजोबांच्या हाती लाकूड दिलं की ते पुढचं ऐकत नाहीत.

मागच्या महिन्यात शकुनशी फोनवर बोललो तेव्हा तिने सांगितलं की तुम्ही पॉलिशची पेटी माळ्यावर टाकली. कोणी काम घेऊन आलं की 'लाख आता माह्यं आयकत नाही, हात गेला' असं म्हणून त्याला परत पाठवता. जाईबाईकाकू मागून ओरडल्या, 'दिवसभर पंख्याखाली बसून मले स्वयंपाक शिकवून राह्यले तुह्ये काका, घेऊन जा यायले अकोल्याले.' मी हसलो, पण नंतर दिवसभर दुकानात माझं लक्ष लागलं नाही. तुम्हाला फोन करावा तर तुम्ही 'बरं हाय ना? मंग ठेव' एवढंच बोलता. म्हणून लिहायला बसलो. मी नववीत शाळा सोडली हे खरं, पण बाटल्यांवरची नावं तुम्ही माझ्याकडून चार-चार वेळा लिहून घेतलीत, त्यामुळे अक्षर लागेल. हे पत्रही कच्चं लिहून मग उतरवलं आहे.

तर बातमी अशी की मी सागवानाच्या जेवणाच्या टेबलाला पांढरा रंग दिला. तुम्ही आता चष्मा काढून ठेवला असेल. परत लावा. 'सागाले रंग देनं म्हंजे पाहुन्याच्या तोंडाले फडकं बांधनं' हे तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. पण आधी त्या घरातलं ऐका. टेबल इथल्याच खुशालरावांचं. त्यांनी ते परतवाड्याचं सागवान आणून करून घेतलं होतं, सहा फुटी, वरच्या पाट्यात एक खिळा नाही. खुशालराव आता नाहीत. त्यांच्या पत्नी गोदाबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या डोळ्याचा पडदा गेला आहे, तो चष्म्याने सुधरत नाही. त्या पाणी पितात तांब्याच्या पेल्यातून. काळपट टेबलावर काळपट पेला त्यांना दिसायचाच नाही. हात लागून पाणी सांडायचं, कधी वरणात, कधी सुनेच्या अंगावर. कपडा अंथरून पाहिला तर तो हाताने ओढला जाऊन ताटं खाली आली. शेवटी त्या टेबलावर यायच्याच बंद झाल्या. खोलीत खाटेवर बसून एकट्या जेवायच्या. सून सीमाताई म्हणाल्या, टेबलच पांढरं करू.

मुलगा गजेंद्रभाऊ तयार नव्हते. 'बाबाचं टेबल हाय. आज पांढरं केलं अन् उद्या पिवळं पडलं तं?' असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. गोदाबाई आतून म्हणाल्या, 'माह्यासाठी काहून टेबल बिघडवता बाप्पा? मी जाईन, टेबल राहीन.' शेवटी गजेंद्रभाऊंनी अट घातली. 'पोळ्यापर्यंत पांढरं राह्यलं तं मानतो. नाही तं तूच घासून पयल्यासारखं करून देशीन.' मी हो म्हणालो आणि फाटकाबाहेर येताच पस्तावलो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा मी. त्यात पांढरा रंग, त्यात सागवान. म्हणून टेबलाला हात लावण्याआधी दुकानातल्या सागाच्या एका तुकड्यावर सगळं करून पाहिलं. तीच ही फळी. तिचं शेवटी सांगतो.

मग टेबल धुण्याच्या सोड्याने धुतलं. पंचवीस-तीस वर्षांचं तेल, मेण आणि हळद निघाली. खुशालराव बसायचे तिथे हळदीचा एक डाग होता, तो मी सीमाताईंना विचारून मगच काढला. त्यांनी गोदाबाईंना विचारलं. गोदाबाई म्हणाल्या, 'काढ, थे सांडवतच होते.' जुनी पॉलिश रेघेरेघेने घासली, आडवा हात एकदाही मारला नाही. खरचटलेल्या जागी लांबीची पुट्टी भरली. आणि मग तुमची लाख. मी अमरावतीहून निघालो तेव्हा तुम्ही बरणी भरून दिली होती, तीच मी जपून ठेवली होती. स्पिरिटमध्ये भिजवली, रात्रभर ठेवली, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली. 'पांढऱ्याखाली सागवान रडते. त्याले पयले लाख पाज, मंग रडत नाही.' तुमचं हे वाक्य मी कामाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. दोन हात दिले, मध्ये एक दिवस सोडून. दुसऱ्या हातानंतर टेबल असं उजळलं की गजेंद्रभाऊ चहाचा कप घेऊन तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, 'आता असंच राहू दे ना.' मलाही एक क्षण तसंच वाटलं. मग आतून पेला पडल्याचा आवाज आला आणि गजेंद्रभाऊ फडकं घेऊन आत गेले.

लाखेवर बारीक कागदाने हलका हात फिरवायचा, नुसती चमक घालवायची, म्हणजे प्रायमर धरतो. तेवढ्या साध्या कामाला मी अख्खी दुपार लावली. का, तेही शेवटी. प्रायमरचे दोन हात, पांढऱ्याचे तीन. धूळ येऊ नये म्हणून दाराला ओलं पोतं बांधलं होतं. तरी तिसऱ्या हातावर एक माशी बसली. ललित म्हणाला, 'राहू दे ना, टिकली म्हनतीन लोक.' मी तो पूर्ण पाटा घासून परत रंगवला.

जूनपासून कालपर्यंत मी दर रविवारी काही ना काही निमित्त काढून त्या घरी गेलो. कधी पायाखालचं रबर बघायला, कधी पुसायचं फडकं द्यायला. खरं तर मी लाकडातल्या गाठी बघायला जायचो, कारण सागवान रडतं, म्हणजे आतलं तेल रंगातून डाग होऊन फुटतं, ते आधी गाठीतून. त्यात पावसाळी दमट हवा. एका रविवारी डाव्या कोपऱ्यातल्या गाठीवर तपकिरी ठिपका दिसला आणि मी मटकन खाली बसलो. सीमाताईंनी बोटाने पुसला. 'जवसाची चटनी हाय थे, बापा. पानी देऊ का तुले?' गोदाबाई तोवर टेबलावर यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'हा पोरगा टेबल पाह्यले येते का कोनाले पाह्यले येते, इचारून घ्या एकदा.'

काल पोळा होता. मला जेवायला बोलावलं होतं. मी म्हटलं, मी दाराजवळ बसतो. गजेंद्रभाऊ म्हणाले, 'टेबल केलं तुनं अन् बसतं कुठं?' पुरणपोळी, कढी, भजे, सगळं त्या पांढऱ्यावर मांडलं होतं. गोदाबाई टोकाला बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, सरळ पेल्यावर ठेवला, पाणी प्यायल्या आणि पेला परत जागेवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. चाचपडल्या नाहीत. सीमाताईंनी पोळीवर जास्तीचं तूप वाढलं, माझ्या. जेवण झाल्यावर गजेंद्रभाऊंनी मोबाईलची बॅटरी लावून एकेक गाठ पाहिली, खाली वाकून सांधेसुद्धा. मग म्हणाले, 'पोट्ट्या, मानलं तुले. कोनापाशी शिकला?' काका, मी एरवी लोकांत हळू बोलतो, पण तेव्हा पूर्ण घराला ऐकू जाईल असं सांगितलं: अमरावतीच्या पुंजाजीकाकांपाशी. गोदाबाईंनी आपल्यालाच सांगितलंय असं समजून मान डोलावली.

त्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत, त्याच लाकडाच्या. त्यांना पांढरा रंग नको आहे. पांढऱ्या टेबलाशेजारी काळपट खुर्ची असली की गोदाबाईंना ती लांबून दिसते. खुर्च्यांना जुन्यासारखी लाख पॉलिशच हवी आहे. मी सांगितलं की ते माझ्या हाताचं काम नाही, ज्यांचं आहे त्यांना लिहितो. खुर्च्या मी कोणाला हात लावू दिलेला नाही.

आता, शकुन, पत्र आजोबांच्या हाती दे. पुढचं त्यांना स्वतः वाचू दे, वेळ लागला तरी चालेल. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो.

काका, दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आपण सागवानाचं ते कपाट पांढरं केलं होतं, अठराव्या दिवशी चहा सांडल्यासारखे डाग फुटले ते. तुम्ही त्याला लाखेचे दोन हात दिलेत आणि बहिणीकडे दर्यापूरला गेलात. प्रायमर मला द्यायचा होता. लाख तपकिरी दिसत होती. मला वाटलं, पांढऱ्यातून हा तपकिरी रंग डोकावेल, काम स्वच्छ व्हायला पाहिजे. म्हणून मी अख्खी सकाळ बसून ती घासून काढली, कोरं लाकूड लागेपर्यंत. किती साफ केलं म्हणून मलाच माझं कौतुक वाटत होतं. त्यावर प्रायमर दिला, रंग दिला आणि तुम्हाला सांगितलं नाही. डाग पडल्यावर कपाटाच्या मालकाने चार लोकांत म्हटलं, 'बुवा, हात गेला तुमचा.' तुम्ही टोपी काढून म्हणालात, 'माही चूक हाय, करून देतो.' मी ब्रश धरून शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. महिन्याभरात अकोल्याला निघून आलो आणि तुम्ही मला लाख बांधून दिलीत. आता फळी उघडा. डाव्या अर्ध्या भागावर तुमची लाख आहे. उजव्या भागावरही तीच लाख दिली होती, मग त्या दिवशीसारखी घासून काढली. वर रंग एकच, तारीख एकच, मागे लिहिली आहे. उजवीकडे तसेच डाग फुटले आहेत. डावीकडचा भाग खिडकीजवळ नेऊन पाहा. लाख तुमचं ऐकतच होती. तुमचं ऐकलं नव्हतं ते मी. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, पुढच्या गुरुवारी ललितची गाडी परत तिकडे येते, पुढची सीट मी सांगून ठेवली आहे. सहा खुर्च्या वाट बघत आहेत. पेटी शकुनला माळ्यावरून काढायला लावा, तुम्ही चढू नका. अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण मीच लावलं होतं, तीनदा ओढून पाहिलं होतं. स्पिरिट उडालं नसेल.

तुमचाच,
धम्मदीप