स्वरदाचा आकडा

२१ एप्रिल, रविवार

चौथी! पुन्हा चौथीच!

सकाळपासून तीन निरनिराळ्या रीतींनी गणित मांडले. गेल्या दोन हंगामांतील वेळा घेतल्या. भुवनेश्वरच्या दमट हवेची सूट सर्वांना सारखी दिली. शेवटच्या दोन हजार मीटरमध्ये कोण किती मंदावते, तेही धरले. उत्तर बदलत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या दहा हजार मीटरमध्ये हरियाणाची पूनम पहिली, केरळची मुलगी दुसरी, नाशिकची मयुरी तिसरी. आमची स्वरदा चौथी. मयुरी ढेपाळली तर तिसरी. पहिली — कोणत्याही रीतीने नाही.

आणि ती पहिली येईल असा मी शब्द दिला आहे. माझ्या पत्नीला, पद्मजाला दिला आहे. ज्या व्यक्तीला शब्द दिला ती हयात असती तर तिच्यापुढे जाऊन तो परत घेता आला असता. आता कोणाकडे जाऊ?

२२ एप्रिल, सोमवार

झाले ते एकदा नीट लिहून ठेवतो. निदान कागदावर तरी ते जसे घडले तसे राहील.

फेब्रुवारीत, पद्मजा गेल्यावर दहाव्या दिवशी, पैनगंगेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. एकही खाली उतरेना. ऊन चढू लागले, लोकांची कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "काही राहून गेले असेल तर बोला, सर. मोठ्याने बोला." उद्धव — पद्मजाचा धाकटा भाऊ, बीबी गावाहून आलेला — माझ्या कानाशी लागला, "बोला ना भाऊजी, ताईले काय पाहिजे व्हतं?"

मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. कावळ्याला भूक कळते, माणसाच्या इच्छा कळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशीही ठाऊक होते. परंतु पद्मजा भुकेली ताटकळत आहे आणि सर्व लोक ते पाहत आहेत, हे मला सहन होईना! मी हात जोडले, डोळे मिटले आणि विचार केला. तिला काय हवे होते? दागिने कधी मागितले नाहीत. मूल झाले नाही, त्याबद्दलही कधी बोलली नाही. ती जेथे खेळ शिकवायची ते शाळेचे मैदान आणि त्या मैदानावर तिने घडवलेली स्वरदा, एवढेच.

मी मोठ्याने म्हणालो, "पद्मजा, स्वरदा राष्ट्रीय स्पर्धेत पहिली येईल. माझा शब्द आहे."

डोळे उघडले, तर कावळा पिंडाला शिवून उडत होता.

उद्धवने धरले म्हणून पडलो नाही.

शब्द माझा, पाय दुसऱ्याचे. आणि जिचे पाय तिला यातले काहीही माहीत नाही.

२४ एप्रिल, बुधवार

वंदनाने झाडू मारताना पद्मजाचे बूट उचलून अंगणात झटकले. मैदानाची तांबडी माती होती त्यांवर. मी तिच्यावर ओरडलो. घरकामाला येणाऱ्या बाईवर आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, "माती तं होती सर, सोनं थोडीच होतं." मग तिने माझ्याकडे पाहिले आणि बूट होते तेथे, होते तसे ठेवले. माती मात्र गेली.

२८ एप्रिल, रविवार

स्वरदा येऊन गेली. उद्या स्पर्धेसाठी निघणार. हिवरा आश्रम या तिच्या गावाहून येताना शेतातली वांगी आणि कोथिंबीर घेऊन आली. तिच्या आईने पाठवली.

मी चहा केला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "सर, साखर महाग झाली का मेहकरात?"

मी विसरलो होतो. साखरेचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"मॅडम असत्या तं तुमाले स्वयंपाकघरातून हाकललं असतं."

मी म्हणालो, "हाकललेच होते. म्हणूनच मला चहा येत नाही."

ती हसली. मीही हसलो असेन.

मग पूनमचे बोलणे निघाले. "तिचे पाय माह्या खांद्यापर्यंत येतात, सर! बाजूले उभी राह्यली का मी तिची लहान बहीण वाटते." मी विचारले, भीती वाटते का? "भीती कायची? ते बी दोनच पायांवर पळते."

बसताना डावा पाय खुर्चीसमोर लांब करून बसली होती. पद्मजासमोर ती अशी कधीही बसली नसती. माझ्यासमोर चालते असे तिला वाटत असावे.

जाताना दाराशी थांबली. "सर, आकडा तुम्हीच द्यान आता."

आकडा म्हणजे एक फेरी किती सेकंदांत धावायची ते. दहा हजार मीटरला पंचवीस फेऱ्या. प्रत्येक शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पद्मजा तिला फोनवर तो सांगत असे, आणि स्वरदा त्यावर धावे. इकडे तिकडे पाहत नसे. आमच्या घरची रीत अशी की आकडा मी काढून द्यायचा. पद्मजा तो घेऊन फोन लावी, "पाय काय म्हणतात?" वगैरे नेहमीची विचारपूस करी, आणि शेवटी माझा आकडा सोडून भलताच आकडा सांगे! मी चिडत असे. एवढ्या मेहनतीने काढलेले उत्तर एका विचारपुशीनंतर बदलायचे याला काय अर्थ आहे? ती म्हणे, "तुमचं बरोबरच आहे हो. पण पळायचं तिला आहे."

मी स्वरदाला म्हणालो, "देईन."

"मॅडमसारखा द्या म्हणजे झालं. तुमचा आकडा आला का मी डोळे मिटून पळते."

३० एप्रिल, मंगळवार

आज मी एक लबाडी केली.

स्वरदाची मार्चमधली शर्यत हिशेबातून काढून टाकली. त्या दिवशी ती फार मंद धावली होती. पद्मजा जाऊन महिनाच झाला होता, मुलीचे मन थाऱ्यावर नव्हते, ती वेळ धरणे अन्याय्य आहे — असे कारण मी स्वतःला दिले. मग पूनमची सर्वांत चांगली वेळ वगळली: त्या दिवशी हवा थंड होती. मग केरळच्या मुलीची.

असे करता करता स्वरदा पहिली आली.

नको असलेली माहिती वगळून हवे ते उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नापास करत आलो. एकाचे वडील घरी येऊन हात जोडून उभे राहिले होते, तरी बधलो नाही. आज स्वतःचा कागद फाडला. पुन्हा मांडले. चौथी.

मग बसून राहिलो.

१ मे, बुधवार

हे गणित मी उलट्या दिशेने का करत नाही? पहिली यायचे तर काय लागेल?

पूनमसोबत राहावे लागेल. फेरीला ऐंशी सेकंद. स्वरदाचा खरा आकडा ब्याऐंशी. दोन सेकंद! चहाचा घोट गिळायला लागतात तेवढे. परंतु पंचवीस वेळा.

माणसे कधी कधी अंदाजाबाहेर धावतात. शंभरात चार-पाच वेळा. अशक्य आणि दुर्मीळ यांत फरक आहे. हे मीच शिकवत आलो.

२ मे, गुरुवार

जेवलो नाही. पद्मजा, एवढे एकदा मला सांग. तू काय पाहून आकडा बदलत होतीस?

टीव्हीवर शर्यत पाहताना ती पडद्यावरचे घड्याळ तळव्याने झाकत असे. "घड्याळ पाहिलं की माणूस दिसत नाही," म्हणायची. मी हात बाजूला सारायचो, ती पुन्हा ठेवायची. असे आमचे भांडण. आता पडदा संपूर्ण माझा आहे, आणि मला घड्याळाखेरीज काही दिसत नाही.

३ मे, शुक्रवार

संध्याकाळी स्वरदाला फोन लावला. तिकडे मुलींचा गलका होता. ती बाजूला गेली.

"बोला, सर."

मी तयारी करून बसलो होतो. ब्याऐंशी म्हणायचे. तिसरी आली तरी पदक आहे, तिच्या वयाला ते पुष्कळ आहे. शब्द माझा आहे. तो माझ्या जिवाला लागो, तिच्या नको. हे सर्व ठरले होते. खरोखर ठरले होते!

तोंडातून निघाले, "ऐंशी."

"ऐंशी?"

"ऐंशी. पूनमच्या मागे राहा. सोडू नकोस."

"सर, मॅडमनं मले कधी ऐंशी दिला नाही."

मी म्हणालो, "पद्मजाची तशी इच्छा आहे."

इच्छा आहे! होती, असेही म्हणालो नाही.

ती म्हणाली, "बरं सर. मॅडमची असन तं पळते मग ऐंशीनं."

फोन ठेवल्यावर पुन्हा लावायला हवा होता. हातात धरून बसलो. लावला नाही.

४ मे, शनिवार

सातव्या फेरीपर्यंत ती पूनमच्या मागे होती. पावलाला पाऊल. बाराव्या फेरीलाही होती! निवेदक तिचे नाव घेऊ लागला. त्याला ते नीट उच्चारता येत नव्हते. मी उभा राहिलो. घरात एकटाच मोठ्याने ओरडलो. शब्द राहतो आहे, पद्मजा, शब्द राहतो आहे!

सतराव्या फेरीत अंतर पडले. प्रथम एका पावलाचे. मग चारचे. मग कॅमेरा पुढच्यांसोबत गेला आणि ती पडद्यावरून नाहीशी झाली. पूनमने उरलेल्या फेऱ्या एकटीने मारल्या. मयुरी शेवटी तिसरी आली. वेळ पाहिली — ब्याऐंशीच्या आकड्याने धावती तर स्वरदा तिच्या पुढे असती.

स्वरदा नववी. शेवटची फेरी ती धावत नव्हती. चालणे आणि धावणे यांच्या मधले काहीतरी करत होती. रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकले आणि तशीच बसली. कोणीतरी पाण्याची बाटली दिली. तिने ती घेतली नाही.

माझा अंदाज चुकला. चौथी म्हणालो होतो.

५ मे, रविवार

तिचाच फोन आला. मी उचलायला घाबरलो होतो.

"सर, माफ करा. मॅडमची इच्छा पुरी नाही करता आली माह्याच्यानं. आकडा बरोबरच व्हता तुमचा. मीच कमी पडली."

मी काय म्हणालो? "ठीक आहे," म्हणालो. ठीक आहे! आयुष्यभर वर्गात बोलत आलेला माणूस!

७ मे, मंगळवार

स्वरदा मैदानावर गेली नाही, असे वंदना सांगते. तिची भाची तेथे सराव करते. "स्वरदाताई म्हणे आता पळत नाही. वावरात आईसंगं भेंडी तोडून राह्यली."

८ मे, बुधवार

पद्मजा, दोघींनाही मी फसवले.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया

उद्धव आला. घागर भरली, गच्चीवर घास ठेवला. कावळा नव्हता. मी म्हणालो, या घरी तो येणार नाही. नदीवर दिलेला शब्द मी मोडला आहे.

"कोणता शब्द, भाऊजी?"

सांगितले.

"अहो, कावळा तं तुम्ही डोळे मिटले तवाच उतरला व्हता. तोंड उघडायच्या पयले! एक खाऊन गेला, मंग तुमचं बोलणं झाल्यावर दुसरा आला. तुम्ही ताईसंगं बोलून राह्यले व्हते, मधात कसं तोडू तुमाले?"

म्हणजे तिने काहीच मागितले नव्हते.

स्वरदाला फोन लावला. सांगायला आकडा नव्हता. दुसरे काही सुचेना, म्हणून पद्मजा विचारत असे ते विचारले, "पाय काय म्हणतात?"

ती रडू लागली. रडतच म्हणाली:

"डावा दुखून राह्यला, सर. मार्चपासून."