नऊ सोपे प्रश्न

सुपा,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञास,
रंगनाथमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र परवा, शनिवारी, सव्वाचारच्या सुमारास हाती आलं. काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात लिहिलंस, बरं केलंस. मोबाईलवरचं वाचलेलं माझ्या मनाला लागत नाही. तुझी मामी खुशाल आहे.

मी भ्यायलो आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द स्वतःसाठी प्रथमच लिहितो. १६ जानेवारीला कंपनीने आम्हा सगळ्या तपासनिसांची संगणकावर परीक्षा घेतली. चाळीस प्रश्न, पन्नास मिनिटं, प्रश्न बाहेरच्या संस्थेचे. माझे सत्तावीस बरोबर आले. पण अहवालात माझ्या एकट्याच्या नावापुढे शेरा आहे, की उत्तरांचा मेळ बसत नाही, नक्कल केली का ते तपासावं. सोप्या पंधरापैकी माझे नऊ चुकले आणि अवघड दहापैकी नऊ बरोबर आले. आमच्या खात्याच्या वैजनाथ साहेबांनी सरळ विचारलं, की ज्याला सोपं येत नाही त्याला अवघड कसं येतं? परीक्षेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर कल्याण बसला होता.

कल्याणला मीच तयार केलं, हे तुला ठाऊक आहे. अजूनही मापाचं रीडिंग मी त्याला मोठ्याने म्हणायला लावतो, त्याचा सराव पक्का व्हावा म्हणून. त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे. मी कारखान्याचं शॉप झाडता झाडता मायक्रोमीटर शिकलो आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी ड्रॉइंगं वाचली. मग कोणी कोणाचं पाहिलं असेल, यावर लोक काय म्हणणार ते तूच सांग. २४ तारखेला चौकशी आहे. नक्कल ठरली तर नोकरी जाईल, आणि चोर म्हणून जाईल.

तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. हा मेळ कसला, ते मला नीट, पायरी न गाळता समजाव.

तुझा,
रंगनाथमामा

*

श्रीरामपूर,
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मामीच्या भाकरीची जाडी मायक्रोमीटरने मोजून तिला चार बिंदूंवरचा फरक दाखवणारा माणूस नक्कल करेल, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मामीने तेव्हा तो मायक्रोमीटर पिठाच्या डब्यात टाकला होता, आठवतं ना?

आता पायरी न गाळता. अशा परीक्षेत नुसते गुण मोजत नाहीत. माणसाच्या आतली क्षमता दिसत नाही, दिसतात फक्त उत्तरं. म्हणून उत्तरांवरून ती ताडतात. आधी हजारो लोकांकडून प्रश्न सोडवून घेतात आणि कुठला प्रश्न किती जड ते ठरवतात. मग गणित असं धरून चालतं, की पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्याला दहा किलोचं सहसा जड जाणार नाही. तुमच्या बाबतीत उलट झालं. गणित तेवढंच सांगतं, की हे नेहमीसारखं नाही. का, ते त्याला कळत नाही. नक्कल हे एक कारण झालं. ताप, घाई, प्रश्नाची भाषा न समजणं, अशी इतरही असतात. अहवाल लिहिणाऱ्याने पहिलं कारण उचललं आणि तिथेच थांबला.

तेव्हा आपण खरं कारण शोधू. तुम्हाला चाळीसही प्रश्न आठवत असणार, नव्हे, तुम्ही डायरीत उतरवले असणार. प्रत्येकात काय होतं, ते मला कळवा. मामीला नमस्कार. जीव सांभाळा.

तुमची,
प्रज्ञा

*

सुपा,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

चाळीस ओळींची यादी सोबत जोडली आहे. चूक तिथे फुली आहे. माप वाचायच्या व्हर्निअरचं किंवा डायलचं बारीक रेघांचं चित्र होतं त्यापुढे 'चि' लिहिलं आहे. एकूण चित्रं पंधरा. त्यांतली १५ आणि ३७ क्रमांकाची बरोबर आली, पण ती कशी आली ते विचारू नकोस.

पडद्यावर चित्रं फार फिकी होती. कल्याण म्हणतो, चांगली ठसठशीत होती. पण त्याला बारकावा कमी. हल्ली सगळंच फिकं बनवतात. घरातली ट्यूब मी दोनदा बदलली, तरी उजेड पडत नाही. तुझी मामी त्यावर फणकाऱ्याने म्हणाली, की ट्यूबचा काय दोष न्हाई, आन् सुईत दोरा तुमी ओवून देत हुता, आता मी शेजारच्या केशरबाईकडं जाते, तुमाला सांगून उपेग न्हाई. बोलायचं म्हणून बोलते.

दोन दिवस जेवण जात नाही. कल्याण डबा पुढे करतो, पण कँटीनमध्ये बाकीची टेबलं मी आलो की गप्प होतात. लवकर लिही.

तुझा,
रंगनाथमामा

*

श्रीरामपूर,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पुढचं वाचून रागावू नका.

यादी मी तीनदा तपासली. शब्दांतले प्रश्न पंचवीस, पंचवीसही बरोबर. चित्रांचे पंधरा, त्यांतले तेरा चूक. सोपे म्हणून धरलेल्यांत चित्रंच जास्त होती, म्हणून सोपे चुकले. मग मी तुमची जुनी पत्रं काढून ओळीने मांडली. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या आहेत. दिवाळीनंतर अक्षर हरभऱ्याएवढं झालं आहे आणि ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. व्हॉट्सअॅप सोडून मामा पत्राकडे वळले म्हणून मी वर्षभर मैत्रिणींना कौतुकाने सांगत होते.

मामा, डोळे शेवटचे कधी तपासले? गणिताने तुमचं ज्ञान खोटं ठरवलं नाही. तुम्ही झाकून ठेवलेल्या गोष्टीवर ते अडखळलं. खात्री डॉक्टरच देतील, मी नाही.

दुसरी भीती लिहिल्याशिवाय राहवत नाही. कल्याण रीडिंग म्हणतो आणि तुम्ही मान डोलावता. तो रजेवर असतो तेव्हा? तुम्ही तपासता ते शाफ्ट आग विझवायच्या पंपात जातात, हे तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं.

नक्कल केली नाही हे चौकशीत मी कागदावर दाखवून देईन. पण त्यासाठी डोळ्यांचं सांगावं लागेल, आणि सांगितलं की तुमचं तपासणीचं टेबल जाईल. निवड तुमची. मी दोन्हीकडे तुमचीच आहे.

प्रज्ञा

*

सुपा,
दि. २८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मी तुझ्या मामीकडून, सविताकडून, वाचून घेतलं. असं पहिल्यांदाच. मधे ती थांबली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा वाचू लागली. संपल्यावर म्हणाली, की तिला दिवाळीपासनं ठावं हुतं, मी कवा सांगतो याचीच ती वाट बघत हुती.

२४ तारखेला अकरा वाजता चौकशी सुरू झाली. साहेबांनी विचारायच्या आत मी डोळ्यांचं सांगून टाकलं. तू मागाहून पाठवलेला हिशोबाचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तशीच नवी पंधरा चित्रं कॅलेंडरच्या पानाएवढी छापून भिंतीवर लावली. मी पंधराही बरोबर वाचली. नकलेचा शेरा लेखी मागे घेतला. कल्याणने दाराबाहेरून टाळी वाजवली, त्याला शिपायाने दटावलं.

साहेब फाईल मिटत होते. तिथे उठून आलो असतो तर चाललं असतं, मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण खिशात डायरी होती. दिवाळीपासून कल्याण रजेवर असलेले आणि मी एकट्याने मापं घेतलेले दिवस त्यात होते. अकरा दिवस, सहाशे चाळीस शाफ्ट. ते पान मी त्यांच्यापुढे उघडलं. साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. मग एवढंच म्हणाले, की हे तुम्ही कशाला दाखवलंत?

चारशे बारा शाफ्ट गोदामात होते. कल्याणने तीन दिवस एकेक मोजला. मी शेजारी स्टुलावर बसून. तो रीडिंग मोठ्याने म्हणत होता, या वेळी कुणाच्या सरावासाठी नाही. दोन चुकीचे निघाले. सगळे म्हणाले, दोनच. मला तो 'च' लावता येत नाही. उरलेले दोनशे अठ्ठावीस बाहेर गेले आहेत. ज्यांनी घेतले त्यांना कंपनीने कळवलं आहे, उत्तर अजून नाही. फायर ब्रिगेडची घंटा कुठे वाजली की माझ्या हातातला घास खाली राहतो.

माझं टेबल सध्या कल्याणकडे आहे. मला साहेबांनी नव्या पोरांना शिकवायला बसवलं आहे, पुढचं डोळ्यांवर ठरेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पहिलं ऑपरेशन १० मार्चला, सकाळी साडेनऊला, नगरला. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, अगदी सोपं असतं.

प्रज्ञा, मला आता सोप्याचीच भीती बसली आहे. आदल्या दिवशीच ये. तुझी माया आहे तशीच राहू दे, ती मोजायला मी बसणार नाही.

तुझा,
रंगनाथमामा